हाडात बसवलेली प्लेट सोनेरी किंवा निळी का असते? टायटॅनियम तापवल्यावर नेमकं काय होतं?

अपघातानंतर ऑपरेशन होतं आणि हाडात बसवलेल्या प्लेटचा किंवा सळईचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. प्लेट सोनेरी असते. स्क्रू कधी निळे, कधी जांभळे, कधी हिरवे असतात. लगेच प्रश्न सुरू होतात. हा रंग लावलाय का? तो शरीरात उतरेल का? सोनेरी म्हणजे जास्त भारी का? आणि 'साध्या' रुपेरी प्लेटपेक्षा हिचे पैसे जास्त का घेतले?

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर धातूवरच्या एका अतिशय पातळ थरात दडलेलं आहे. त्याला ऑक्साइडचा थर म्हणतात.

थोडक्यात उत्तर

टायटॅनियमवर दिसणारा निळा-सोनेरी रंग हा बहुतेक वेळा रंग नसतोच. धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो आणि त्याच्या जाडीनुसार डोळ्यांना रंग दिसतो. हा थर विजेने वाढवता येतो आणि उष्णतेनेही वाढतो. ठरावीक मर्यादेपर्यंत तो धातूचं रक्षण करतो. मर्यादा ओलांडली की तोच थर जाड होऊन सुटू लागतो आणि त्याच्या खालचा धातू ठिसूळ होतो. म्हणून रंग थराची जाडी सांगतो, धातूचा दर्जा सांगत नाही.

टायटॅनियमला ऑक्सिजनची एवढी ओढ का?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. निसर्गात टायटॅनियम असाच ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेला सापडतो, सुटा धातू म्हणून सापडत नाही.

त्याला ऑक्सिजनपासून वेगळं करणं फार खर्चिक आहे. आधी खनिजावर क्लोरीनची प्रक्रिया करून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव तयार करतात. मग बंद पात्रात, हवा काढून आरगॉन वायू भरून, ८०० अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेशियमशी त्याची क्रिया घडवतात. विल्यम क्रोल या लक्झेंबर्गच्या धातुतज्ज्ञाने ही पद्धत विकसित केली. हाती येणारा धातू सच्छिद्र असतो, म्हणून त्याला 'टायटॅनियम स्पंज' म्हणतात. भारतात केरळमधल्या चवरा इथे २०११ साली असा स्पंज बनवणारा कारखाना सुरू झाला.

एवढा खटाटोप करून ऑक्सिजन काढला तरी हवेत आल्याबरोबर टायटॅनियम पुन्हा ऑक्सिजन पकडतो. क्षणार्धात त्याच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडची साय येते. साध्या तापमानाला ही साय २ ते ७ नॅनोमीटर जाड असते. माणसाच्या केसाची जाडी ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा.

लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो गळून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा गंजतं. टायटॅनियमची साय मात्र घट्ट चिकटलेली आणि सलग असते. तिच्यावर ओरखडा पडला तरी हवा किंवा ओलावा मिळताच ती पुन्हा तयार होते. रक्त आणि शरीरातले खारट द्रव वर्षानुवर्षं लागूनही टायटॅनियम सहसा गंजत नाही, त्याचं कारण ही साय आहे.

कोयता तापवताना दिसणारे रंग

उष्णता आणि ऑक्साइड यांचं नातं समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. लोहाराचा भाताही पुरेसा आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. बीड तालुक्यातलं लिंबागणेश असो की शेजारचं दुसरं कुठलं गाव, हंगामाआधी कोयता पाजवून घ्यायचं काम ठरलेलं असतं. लोहार पातं लाल करतो, ठोकतो आणि पाणी देतो. पाणी दिलेलं पोलाद कडक होतं, पण त्यासोबत ठिसूळही होतं. त्याचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा हलकं तापवतात.

या दुसऱ्या तापवण्यात, घासून स्वच्छ केलेल्या पात्यावर रंग सरकताना दिसतात. साधारण २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा. ज्या काळात तापमापक नव्हते, त्या काळात जगभरच्या लोहारांनी पोलादाचं तापमान या रंगांवरूनच ओळखलं. हे रंग म्हणजे पोलादावर वाढत जाणारा ऑक्साइडचा थर.

टायटॅनियमवरही रंगांचा क्रम जवळपास असाच असतो: आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा. फरक इतकाच, की ते पोलादापेक्षा जास्त तापमानाला, साधारण ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान दिसतात. नेमका रंग तापमानासोबत वेळेवरही अवलंबून असतो. कमी तापमानाला जास्त वेळ ठेवलं तरी तोच रंग येऊ शकतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा इंजिनजवळचा पाइप काही महिन्यांत सोनेरी-निळा होतो, तेही याच प्रकारे.

पारदर्शक थरातून रंग कसा दिसतो?

पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडला की सप्तरंगी तवंग दिसतो. पेट्रोल रंगीत नसतं आणि पाणीही नसतं. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत येतो आणि खालच्या पृष्ठभागावरून थोडा. हे दोन्ही किरण एकत्र येताना काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना पुसून टाकतात. शाळेतल्या भौतिकशास्त्रात याला प्रकाशाचं व्यतिकरण म्हणतात.

टायटॅनियमवर पेट्रोलच्या तवंगाची जागा ऑक्साइड घेतं. थराची जाडी आणि दिसणारा रंग यांचं अंदाजे गणित असं आहे:

• २ ते ७ नॅनोमीटर: नेहमीचा रुपेरी धातू
• २० ते ३० नॅनोमीटर: सोनेरी
• ४० नॅनोमीटरच्या आसपास: जांभळा
• ५० ते ६० नॅनोमीटर: गडद निळा
• ८० नॅनोमीटरच्या आसपास: फिकट निळसर, जवळजवळ रुपेरी
• १०० नॅनोमीटरच्या पुढे: पुन्हा पिवळा, मग गुलाबी
• १५० नॅनोमीटरच्या पुढे: हिरवट

या यादीत एक मेख आहे. पिवळा दोनदा येतो आणि रुपेरीसारखा रंगही दोनदा येतो. म्हणजे नुसत्या रंगावर भिस्त ठेवली तर जाड थर पातळ समजला जाण्याची शक्यता असते.

तापमान वाढत गेलं की काय होतं?

साधारण ३०० अंशांपर्यंत: थर वाढतो, पण इतका सावकाश की डोळ्यांना फरक कळत नाही. ऑपरेशनची हत्यारं आणि इम्प्लांट निर्जंतुक करण्यासाठी वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंशांना ठेवतात. एवढ्या उष्णतेने टायटॅनियमची साय फारशी वाढत नाही. शरीराच्या ३७ अंशांत तर वाढायचा प्रश्नच नाही.

४०० ते ६०० अंश: थर दहापट किंवा त्याहून जाड होतो आणि रंग उमटतात. थराची रचनाही बदलते. साध्या तापमानाच्या थरात अणू विस्कळीत असतात. उष्णतेने ते ओळीत लागतात आणि स्फटिक तयार होतात, आधी बहुधा अ‍ॅनाटेज आणि तापमान वाढल्यावर रूटाइल या प्रकारचे. या टप्प्यात थर अजून घट्ट आणि उपयोगी असतो. थर जाड होत जातो तशी त्याची वाढ मंदावते, कारण आत शिरणाऱ्या ऑक्सिजनला जास्त अंतर कापावं लागतं.

६०० ते ८०० अंश: थर इतका जाड होतो की व्यतिकरणाचे रंग संपतात आणि पृष्ठभाग राखाडी दिसू लागतो. इथून धोका सुरू होतो. ऑक्साइड झालेला धातू मूळ धातूपेक्षा सुमारे पावणेदोनपट जागा घेतो. पातळ थर हा ताण सोसतो, जाड थर सोसत नाही.

८०० अंशांच्या पुढे: थराला भेगा पडतात आणि त्याचे पापुद्रे सुटतात. भेगांतून ऑक्सिजन थेट आत जातो आणि वाढ मंदावण्याऐवजी चालूच राहते. रक्षण करणारी साय आता रक्षण करत नाही.

मिश्रधातूत वेगळं काय घडतं?

इम्प्लांटमध्ये आणि विमानात बहुतेकदा शुद्ध टायटॅनियम नसतो. सर्वात जास्त वापरली जाणारी मिश्रधातू 'ग्रेड ५' नावाने ओळखली जाते. तिच्यात सुमारे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तिचाच जास्त शुद्ध प्रकार, ग्रेड २३, शरीरातल्या इम्प्लांटसाठी वापरतात.

तापवल्यावर मिश्रधातूतले घटकही थरात उतरतात. उच्च तापमानाला बाहेरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड तयार होतं. ते स्वतः चांगलं संरक्षक आहे, पण टायटॅनियम ऑक्साइडमध्ये मिसळलेलं असल्याने सलग भिंत उभी राहत नाही. व्हॅनेडियम उच्च तापमानाला फारशी मदत करत नाही. त्याऐवजी नायोबियम घातलं तर धातू ऑक्सिजनला जास्त चांगला तोंड देते. व्हॅनेडियमच्या विषारीपणाच्या शंकेमुळे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ७ टक्के नायोबियम असलेली मिश्रधातूही इम्प्लांटसाठी वापरली जाते.

डोळ्यांना न दिसणारा धोका

पापुद्रे सुटले तर निदान दिसतात. खरी भीती त्यांच्या खाली असते.

टायटॅनियम ऑक्सिजनला फक्त वर धरत नाही, आतही विरघळवून घेतो. गरम धातूच्या पृष्ठभागाखाली ऑक्सिजनने भरलेला एक कडक कवचासारखा पट्टा तयार होतो. त्याला 'अल्फा केस' म्हणतात. तापमान आणि वेळेनुसार तो काही मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनच्या पुढेही जाऊ शकतो. म्हणजे रंग दाखवणाऱ्या थरापेक्षा तो कितीतरी पटींनी खोल असतो.

हा पट्टा काचेसारखा ठिसूळ असतो. चालताना मांडीच्या हाडातल्या सळईवर दिवसाला हजारो वेळा भार येतो आणि जातो. अशा वेळी धातूला तडा बहुधा पृष्ठभागापासून जातो. पृष्ठभागच ठिसूळ असेल तर तडा लवकर सुरू होतो. वरचे पापुद्रे घासून धातू चकचकीत केला, पण हा पट्टा तसाच राहिला, तर वस्तू दिसायला उत्तम आणि आतून कमजोर असते.

मग कारखान्यात टायटॅनियम तापवतातच का?

कारण तापवल्याशिवाय त्याला आकार आणि ताकद देता येत नाही. ग्रेड ५ ची घडाई साधारण ९०० अंशांच्या पुढे होते. घडाई किंवा कटाईने आत राहिलेला ताण काढायला ४८० ते ६५० अंशांची प्रक्रिया करतात. धातू मऊ आणि एकसारखा करायला ७०० अंशांच्या पुढे जातात. जास्त ताकद हवी असेल तर ९५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात आणि मग ५०० अंशांजवळ काही तास ठेवतात.

यातलं जवळपास प्रत्येक तापमान ऑक्साइड वाढवणारं आहे. म्हणून तीन उपाय केले जातात.

पहिला उपाय म्हणजे हवा दूर ठेवणं. तयार होत आलेले भाग निर्वात भट्टीत किंवा आरगॉन वायूत तापवतात.

दुसरा, थोडं जास्तीचं माप ठेवून नंतर तो पृष्ठभाग काढून टाकणं. हवेत घडाई केलेला भाग यंत्रावर कातून घेतात किंवा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून वरचा पट्टा विरघळवतात. पुण्याची भारत फोर्ज ही कंपनी बोइंगच्या ७३७ विमानांच्या पंखांसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवते. अशा प्रत्येक घडीव भागाच्या बाबतीत अल्फा केस पूर्ण निघाली आहे का, हा तपासणीतला कळीचा मुद्दा असतो.

तिसरा उपाय म्हणजे वेल्डिंगच्या जागी पुढून-मागून आरगॉन सोडत राहणं. जोड सुमारे ४०० अंशांपर्यंत थंड होईस्तोवर त्याला हवा लागू देत नाहीत. इथे रंग उपयोगी पडतो. रुपेरी जोड उत्तम, फिकट पिवळा बहुधा चालतो, गडद निळा-जांभळा संशयास्पद आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी आली तर जोड नापास. मर्यादा कामाच्या नियमावलीनुसार बदलते. तो रंग घासून काढला म्हणजे जोड सुधारला असं मात्र होत नाही.

जेट इंजिनातही टायटॅनियम पुढच्या, कमी गरम भागातच दिसतो. नेहमीच्या मिश्रधातू साधारण ५५० ते ६०० अंशांच्या पुढे नेत नाहीत. तिथून पुढे निकेलच्या मिश्रधातू लागतात.

मग हाडातल्या प्लेटचा रंग उष्णतेचा का?

नाही. इम्प्लांटवरचे रंग सहसा 'अ‍ॅनोडायझिंग'ने, म्हणजे विजेने दिलेले असतात. प्लेट एका द्रावणात बुडवून तिच्यातून वीज सोडली की ऑक्साइडचा थर वाढतो. दर व्होल्टला साधारण २ नॅनोमीटर. १० ते १५ व्होल्टला सोनेरी, २५ ते ३० व्होल्टला निळा. यात उष्णता नसल्याने ऑक्सिजन खोल शिरत नाही आणि अल्फा केस तयार होत नाही. कुठलंही रंगद्रव्य वापरलेलं नसल्याने शरीरात 'रंग उतरण्या'चा प्रश्नही नसतो.

रंग देण्यामागे साधं कारण असतं, ओळख. ऑपरेशनच्या टेबलावर वेगवेगळ्या मापांचे डझनावारी स्क्रू असतात. रंगावरून माप झटकन कळतं. कोणता रंग कोणत्या मापाचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे निळा स्क्रू हिरव्यापेक्षा चांगला, असं काही नसतं.

उष्णतेचा चांगला उपयोगही आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात दिसलं, की हाड टायटॅनियमला घट्ट चिकटतं. पुढे जपानच्या क्योटो विद्यापीठात तादाशी कोकुबो यांच्या गटाने टायटॅनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून नंतर ६०० अंशांना तापवला. सोड्याने पृष्ठभागावर जेलसारखा थर येतो आणि उष्णतेने तो घट्ट होतो. शरीरातल्या द्रवासारख्या द्रावणात त्यावर हाडातल्या खनिजासारखा थर जमतो. म्हणजे मोजकी उष्णता हाड जोडायला मदत करते.

'गोल्डन नी' म्हणजे टायटॅनियमचा गुडघा का?

सोशल मीडियावर सोनेरी गुडघ्याच्या जाहिराती दिसतात. तो सोनेरीपणा वर सांगितलेल्या ऑक्साइडचा नसतो. तो बहुधा टायटॅनियम नायट्राइड किंवा त्याच्या जवळच्या संयुगाचा, काही मायक्रॉन जाडीचा कडक लेप असतो. लेपाखालचा धातू अनेकदा कोबाल्ट-क्रोमियम असतो. त्यामुळे सोनेरी दिसला म्हणजे आतून टायटॅनियम असेलच असं नाही.

तापवून केलेल्या ऑक्साइडचा गुडघा मात्र खरोखर अस्तित्वात आहे. तो टायटॅनियमच्या भावंडाचा, झिर्कोनियमचा. झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातू हवेत ५०० अंशांच्या आसपास तापवली की तिच्यावर सुमारे ५ मायक्रॉनचा काळा, सिरॅमिकसारखा कडक थर येतो. टायटॅनियमवर इतका जाड थर भरवशाने टिकत नाही, झिर्कोनियमवर टिकतो.

राष्ट्रीय औषध दर नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याची ७६,६०० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. फरक धातूवर होता, रंगावर नव्हता.

सावडताना सापडलेली सळई काळी-राखाडी का दिसते?

अंत्यसंस्कारानंतर राख सावडताना कधीकधी हाडातली प्लेट किंवा सळई सापडते. ऑपरेशनच्या वेळी रुपेरी किंवा सोनेरी असलेली ती वस्तू आता राखाडी, निळसर किंवा पापुद्रे सुटलेली असते. ती पाहून धातू हलका होता की काय, अशी शंका घरच्यांच्या मनात येऊ शकते.

सरणाच्या आगीत तापमान ७००-८०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. त्या उष्णतेत, मोकळ्या हवेत, उत्तम टायटॅनियमवरही हेच होतं. टायटॅनियम वितळायला सुमारे १,६६८ अंश लागतात, म्हणून तो वितळत नाही, पण त्याची साय जाड होऊन सुटते. तो रंग आगीचा आहे. माणूस हयात असताना ती सळई कशी होती, याचा तो पुरावा नाही.

रुग्णाच्या घरच्यांनी काय विचारावं?

रंगापेक्षा कागद महत्त्वाचा. ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा, की इम्प्लांट कोणत्या धातूचं आहे: स्टील, टायटॅनियमची मिश्रधातू की कोबाल्ट-क्रोमियम? या रुग्णासाठी तोच धातू का? स्टीलच्या प्लेटही अनेक ठिकाणी योग्य आणि स्वस्त असतात.

प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर स्टिकर असतो. त्यावर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक आणि धातूचा उल्लेख पाहा. २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार इम्प्लांटच्या उत्पादनाला परवाना लागतो. हा स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवून घ्या, बिलाशी ताडून पाहा आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा. पुढे एमआरआय करायचा असेल, इम्प्लांट काढायचं असेल किंवा तक्रार करायची असेल, तर हाच स्टिकर कामाला येतो.